ओरछा दरवाजातून आत आलेले शब्द

तुम्ही झाशीत ओरछा गेटपाशी उभे आहात. इथून निघालेला रस्ता बेतवेकाठच्या ओरछ्याला जातो. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. ई-रिक्षा एकमेकींना घासून पुढे सरकताहेत. चहाच्या टपरीपाशी कोणीतरी हाक मारतं, "बॉस, दो चाय!" टपरीवाला गॅस मोठा करतो. दुसरा गिऱ्हाईक कॉफी मिळेल का विचारतो. बाकावर चौघं पत्ते कुटत बसलेत. त्यांतला एक "तुरुप!" म्हणत पान आपटतो आणि हात ओढून घेतो.

बॉस, गॅस, कॉफी, तुरुप. अर्ध्या मिनिटात कानावर पडलेले हे चारही शब्द डच भाषेच्या हातून पुढे आलेले आहेत. डचांत ‘बास’ म्हणजे मालक, कारागिरांचा मुख्य. न्यूयॉर्कच्या जुन्या डच वसाहतीतून तो अमेरिकी इंग्रजीत शिरला, कारण ‘मास्टर’ या शब्दाला गुलामगिरीचा वास होता आणि मोकळ्या मजुरांना तो तोंडात नको होता. ‘गॅस’ हा शब्द सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या यान बाप्तिस्त फान हेल्मोंट या रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक ‘केऑस’वरून बेतला. अरबी ‘कहवा’ तुर्कीतून डचांकडे आला आणि त्यांच्या उच्चारावरून इंग्रजांची ‘कॉफी’ झाली. ‘तुरुप’ म्हणजे डच ‘ट्रूफ’, हुकमाचं पान.

आता टपरीवरची ती हाक पुन्हा ऐका. गिऱ्हाईक मालक नाही, टपरीवालाही त्याचा मालक नाही. दोघं बरोबरीचे, आणि ओळख असली-नसली तरी आपुलकी दाखवणारे. ज्या शब्दाचा जन्म धन्यासाठी झाला तो ओरछा गेटपाशी पोचेपर्यंत दोस्ताचा झाला. हे कोणी ठरवलं? हॉलंडच्या कोणी नाही, इंग्लंडच्याही नाही. रोज इथे चहा पिणाऱ्यांनी ठरवलं. शब्दाचं मूळ बाहेर कुठेही असो, त्याचा अर्थ वेशीच्या आतले लोक घडवतात. हे नुसतं ऐकून पटायचं नाही. घडताना पाहायला हवं. म्हणून मागे जायचं.

अट एकच. ज्या काळात पाय ठेवाल, त्या काळापर्यंत तुमच्या भाषेत न आलेला शब्द तोंडातून काढायचा नाही. चला.

१६२६

गोंगाट एकदम थांबतो. गेट नाही, दरवाजा नाही, तटही नाही. पायाखाली खडकाळ माळ, मध्ये मध्ये पळसाची झाडं. समोर बांगरा टेकडीवर किल्ला उभा आहे. ओरछ्याच्या वीरसिंह देवांनी १६१३ साली बांधलेला, अजून नवा करकरीत. पायथ्याच्या वस्तीला बलवंतनगर म्हणतात.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक माणूस तुमच्यापाशी थबकतो. "काए भैया, किते जा रए?"

बुंदेलीतलं त्याचं ‘काए’ तुम्हाला आपल्या ‘काय’सारखं ऐकू येतं. तुम्ही हातानेच पिण्याची खूण करता आणि म्हणता, "पाणी." त्याला कळतं. ‘वाट’ म्हणालात तर तो ‘बाट’ म्हणतो. हात, दूध, रात, कान, नाक: दोन्हीकडे थोड्याफार फरकाने तेच. प्राकृताच्या एकाच मातीतून वर आलेल्या या भाषा. शरीराचे, शेताचे, दिवस-रात्रीचे शब्द त्यांना कोणाकडून मागून आणावे लागले नाहीत.

मात्र ‘बटाटा’ म्हणू नका. पोर्तुगीजांच्या जहाजातून तो शब्द हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला असला, तरी इथल्या माळावर त्याचा काही उपयोग नाही. पाव, अननस, पपई, काजू यांचंही तेच. मिरचीची गोष्ट थोडी वेगळी. झाड अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलं, पण नाव आपण आपल्या मिऱ्यावरून ठेवलं. पाहुणा बाहेरचा, नाव घरचं, असंही होतं.

याच वेळी उत्तरेला दोनशेहून अधिक किलोमीटरवर, आग्र्यात, डचांची वखार चालू आहे. फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा डच व्यापारी तिथे बसून बयान्याची नीळ खरेदी करतो, भावांची आणि मालाची टिपणं काढतो. डच ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत १६१६ मध्येच पाय रोवलाय. आणखी अकरा वर्षांनी, १६३७ मध्ये, कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची वखार निघेल. मराठी कागदपत्रांत त्यांना ‘वलंदेज’ म्हणतील. पोर्तुगीज ज्यांना ‘ओलांदेश’ म्हणत, तेच आपले वलंदेज. म्हणजे डचांचं नावसुद्धा आपण पोर्तुगीजांच्या तोंडून ऐकलं.

या वखारींतून गाठोडी बाहेर पडतात तेव्हा मालाबरोबर शब्दही बाहेर पडतात. आपल्या छापील कापडाची ‘छीट’ डच घरांत ‘सिट्स’ झाली, आजही आहे. त्यांची साखर म्हणजे ‘साउकर’. संस्कृत शर्करेने फारसी, अरबी, लॅटिन असा लांबचा फेरा घेतला आणि ती त्यांच्या स्वयंपाकघरात पोचली. आपली साखर प्राकृतातून सरळ घरी आली. त्यांच्या ‘पेपर’चं मूळ आपल्या पिप्पलीत आहे. पण आपण पिंपळी म्हणतो ती लांबट, औषधी. ते पेपर म्हणतात ते काळं मिरं. शब्द इथला, अर्थ तिथल्या जेवणाने ठरवला. आपल्याकडे जे होतं तेच त्यांच्याकडेही होतं.

भारेवाला पुढे निघून जातो. तुम्ही शंभर पावलं चालता आणि शंभराहून अधिक वर्षं ओलांडता.

१७४२

माळावर तंबू उभे राहिलेत. घोडी खिंकाळताहेत. पेशव्यांचे सरदार नारो शंकर इथे सुभेदार म्हणून आलेत. पुढे १७५७ पर्यंत ते राहतील, किल्ला वाढवतील, शंकरगड बांधतील, पेठा वसवतील. नाशिकला गोदाकाठी ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून वाजणारी ती घंटा यांच्याच मंदिराची, १७३९ च्या वसईच्या विजयात पोर्तुगीजांकडून आलेली.

आता तुम्हाला मराठीत बोलता येईल. एका राहुटीपुढे सतरंजीवर कारकून बसलाय. मांडीवर कागद, हातात बोरू, शेजारी दौत. तुम्हाला पाहून विचारतो, "कोण आपण? कुठले? मजल दरमजल आलेले दिसता. मुक्काम कुठं?"

एवढ्याशा बोलण्यात मजल अरबी, मुक्काम अरबी. कागद, कारकून आणि त्या कारकुनाच्या दौतीतली शाई फारसीच्या वाटेने आलेली. बाहेर घोड्याला लगाम आणि खोगीर चढतंय, तेही फारसी. घोड्याच्या खुराला ठोकलेली नाल मूळ अरबीत माणसाच्या पायातली वहाण होती. मात्र भाकरीवर वाढलेलं तूप कन्नडातून आलंय. बुंदेले घी म्हणतात, आणि आपल्या सैनिकांना ते म्हणायचं असेल तर बाजारात जाऊन शिकावं लागतं.

जरा वाका आणि कारकुनाचा कागद पाहा. मोडीची ओळ काळ्या शाईत धावत चाललीय, आणि समासात एक खूण तांबड्या शाईने केलेली आहे. ‘सियाही’ म्हणजे फारसीत काळेपणा. त्यावरून शाई. मग तांबडी शाई कशी? फारसीच्या हिशेबाने तांबडा काळेपणा झाला की तो. पण कारकुनाला तसं क्षणभरही वाटत नाही. मराठीत येऊन शाईने आपला रंग सोडला आणि ती लिहिण्याच्या द्रवाचं नाव झाली. निळी, हिरवी, कुठलीही शाई त्यामुळे शक्य झाली.

याच मराठी राज्याने सुमारे पासष्ट वर्षांपूर्वी फारसी शब्द बाजूला सारण्याचा मोठा उद्योग केला होता. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश तयार झाला. सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पेशवा म्हणजे मुख्य प्रधान, मुजुमदार म्हणजे अमात्य, सुरनीस म्हणजे सचिव, सरनोबत म्हणजे सेनापती. तो कोश आपली सत्ता आपल्या भाषेत उभी करण्याचा निश्चय होता, आणि त्याचं मोल मोठं आहे. त्यातले सेनापती, सचिव, अमात्य आपल्याजवळ राहिले. पण इथे बुंदेलखंडात, दिल्ली आणि अवधच्या वकिलांशी फारसीत पत्रं चाललेली असताना, नारो शंकर सुभेदारच आहेत, त्यांचे धनी पेशवेच आहेत. अरबी ‘सुभा’ला फारसी ‘दार’ जोडलेलं हे पद कोकणातल्या, देशावरच्या घरांचं आडनाव होऊन बसेल. चिटणीस, फडणीस, मुजुमदार हीसुद्धा आडनावं होतील. चिटणिसांच्या घरातल्या लेकराला कोणी सांगून पाहावं की तुझं आडनाव परकं आहे!

राहुटीतून बाहेर पडताना दारात एक म्हातारी हात पसरते. कारकून म्हणतो, "गरीब आहे बिचारी, चार दाणे घाला." अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, दूरदेशीचा. घरापासून तुटलेल्या माणसापाशी काही नसतं, म्हणून परक्याचा निर्धन झाला. या छावणीत कोकणातून आलेला प्रत्येकजण अरबी अर्थाने गरीब आहे. मराठी अर्थाने गरीब आहे ती एकटी या मातीतली म्हातारी.

१८०० च्या आसपास

आता तुमच्या समोर दरवाजा आहे, अर्धा. शिवराव भाऊ नेवाळकरांच्या अमलात, १७९६ ते १८१४ या काळात, शहराभोवती तट चढतोय. दहा दरवाजे होणार: दतिया, उन्नाव, बडागाव, भांडेरी, सागर, सैंयर, लक्ष्मी, खंडेराव, झरना आणि हा ओरछा. ज्या गावाकडे वाट जाते त्या गावाचं नाव बहुतेक दरवाजांना. शिवाय चार खिडक्या, म्हणजे तटातली छोटी दारं. त्यांतली एक अलीगोल खिडकी. मराठ्यांच्या फौजेत अलीगोल नावाचं पायदळ असे, त्याची आठवण त्या नावात राहिली.

चुन्याचा वास घशात बसतो. दगड घडवणाऱ्या टाक्यांचा आवाज एका लयीत चाललाय. पाथरवट बुंदेले आहेत, देखरेखीचा कारकून कोकणी वळणाचा. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडच्या कोटचे, मग खानदेशातल्या पारोळ्याचे. त्यांच्यामागून कोकणातली माणसं इथवर आली आणि किनाऱ्यावर ऐकलेले शब्द घेऊन आली. कारकून मजुराला म्हणतो, "घमेलं उचल." मजूर बघत राहतो. कारकून बोटाने दाखवतो, मजूर ते उचलतो, काम पुढे सरकतं. घमेलं म्हणजे पोर्तुगीजांचं ‘गमेला’, लाकडी पाटी. मिस्त्री हा त्यांचा ‘मेस्त्रे’, उस्ताद. पगार हे त्यांचं ‘पागार’, पैसे चुकते करणं.

संध्याकाळी कारकुनाच्या बिऱ्हाडी चला. कोठीच्या दाराला कुलूप आहे. अरबी ‘कुफ्ल’मधली अक्षरं मराठी जिभेवर उलटीपालटी झाली आणि कुलूप झालं. ते उघडायला कारकून कनवटीची चावी काढतो. चावी म्हणजे पोर्तुगीज ‘शावी’. आज लिस्बनमध्ये तो शब्द ‘श’ने म्हणतात, पण सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला लागली तेव्हा ते तिथे ‘च’च म्हणत. त्यांच्या भाषेने पुढे उच्चार बदलला. आपण त्यांचा जुना उच्चार जपून ठेवला.

कुलूप अरबी, चावी पोर्तुगीज. कारकून चावी फिरवतो आणि कुलूप खटकन उघडतं. शेजारचा बुंदेला गडी आपल्या घराला ताला लावतो आणि कुंजीने उघडतो. त्याचे दोन्ही शब्द संस्कृतातले. दोघांच्याही कोठीत धान्य तेवढंच सुरक्षित आहे. कारकुनाची मराठी त्या गड्यापेक्षा कमी देशी ठरत नाही, की त्याची बुंदेली अधिक शुद्ध. दोन समाजांच्या वाटा वेगळ्या होत्या, वाटेत भेटलेली माणसं वेगळी होती, एवढंच कुलपावरून आणि ताल्यावरून कळतं.

मार्च–एप्रिल १८५८

दरवाजा आता पुरा झालाय, आणि बंद आहे. आतल्या बाजूला, तटाच्या सावलीत तुम्ही बसला आहात. चैत्राचं ऊन तापलंय. इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या फौजेने २१ मार्चपासून शहर घेरलंय. पुढे तो आपल्या अहवालात या तटाची मापं लिहील: घेर सुमारे साडेचार मैल, जाडी ६ ते १२ फूट, उंची १८ ते ३० फूट.

वर बुरुजावर हाका चालल्यात. "दारू आणा! गोळे आणा! बाईसाहेबांचा हुकूम आहे!" किल्ल्यावर गुलाम गौस खान तोफ चालवतोय; त्याचं नाव झाशी विसरणार नाही. या हाकांमधले शब्द कुठकुठून गोळा झालेत पाहा. बुरूज अरबी, हुकूम अरबी, तोफ तुर्की. तोफ डागणारा गोलंदाज: गोळा आपला, ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा, तो फारसी. आणि दारू? फारसीत दारू म्हणजे औषध. इराणात आजही औषधाच्या दुकानावर ‘दारूखाने’ अशीच पाटी असते. औषधाची पूड ती दारू, म्हणून बंदुकीची पूडही दारू, आणि पुढे अंगात आग पेटवणारं पेयही दारू. तटावर आज दारू याचा एकच अर्थ आहे, आणि तो इराणच्या वैद्याला कळणार नाही.

तटाबाहेर इंग्रजांच्या मोर्चात वेगळे शब्द आहेत. ‘ड्रिल’ डचांच्या ‘ड्रिलन’मधून इंग्रजीत आलेला. बंदुकीचा ‘ट्रिगर’ डच ‘ट्रेकर’वरून, म्हणजे ओढायची गोष्ट. पण तिथे मुंबई इलाख्याच्या पलटणीही आहेत. त्यांच्या राहुट्यांतून रात्री मराठीसुद्धा ऐकू येते. भाषा एक असली म्हणून बाजू एक होत नाही, हे या तटाने पाहिलंय.

१ एप्रिलला मदतीला आलेले तात्या टोपे बेतवेकाठी हरतात. ३ एप्रिलच्या पहाटे हल्ला होतो. झाशीत पिढ्यानपिढ्या सांगतात की दुल्हाजू नावाच्या माणसाने फितुरी करून ओरछा दरवाजा आतून उघडला. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ सालच्या ‘झाँसी की रानी’ या कादंबरीने ते नाव हिंदी घराघरांत नेलं. ह्यू रोजच्या अहवालात मात्र खिंडार आहे, तटाला लावलेल्या शिड्या आहेत. शिड्यांवरून चढलेला शत्रू एकवेळ सोसतो. दार आतून उघडलं गेलं हा घाव लोकांच्या मनात जास्त खोल राहिला.

त्या घावाला मराठीत शब्द आहे: फितूर. अरबीत ‘फुतूर’ म्हणजे ढिलाई, शक्ती ओसरणं. हिंदीत त्याचं डोक्यातलं खूळ झालं. झाशीच्या बाजारात ‘दिमाग का फ़ितूर’ म्हणतात. मराठीत त्याचा विश्वासघात झाला. गड-किल्ल्यांवर ज्यांचं राज्य उभं होतं त्यांना ढिलाईचा सगळ्यात भयंकर प्रकार ठाऊक होता: आपला माणूस आतून ढिला पडणं. मराठीने हा अर्थ आपल्या इतिहासाने भरला. अरबी कोश उघडून तो कधीच सापडणार नाही.

आता गल्लीत शिरू नका. जुन्या मराठीत शहराच्या सरसकट कत्तलीला ‘बिजन’ म्हणत. फारसीत तो नुसता एक हुकूम आहे: मार! या शहरात त्या दिवसांत जे घडतं त्याला दुसरा शब्द पुरत नाही. घरं फोडली जातात, माणसं विहिरींत उड्या घेतात, आगी लागतात. ४ एप्रिलच्या रात्री राणी लक्ष्मीबाई शहराबाहेर पडतात.

त्याच शहरात पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक जीव मुठीत धरून बसलाय. विष्णुभट गोडसे. काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेत आला आणि १८५७ च्या बंडात सापडला. तो वाचेल, फिरत फिरत घरी पोचेल, आणि १८८३ मध्ये पाहिलेलं सारं लिहून काढेल. चिंतामण विनायक वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ म्हणून १९०७ मध्ये छापलं. वेद शिकलेला, संस्कृत मुखोद्गत असलेला हा माणूस लढाई सांगायला बसला तेव्हा तोफा, बुरूज, गोलंदाज या शब्दांनीच त्याने ती सांगितली. त्यांच्यावाचून झाशी सांगता आलीच नसती.

योगायोग पाहा: ज्या १८५७ साली हे सारं पेटलं, त्याच साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, सुमारे साठ हजार शब्दांची. शब्दांपुढे मूळ भाषेच्या खुणा आहेत: संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज. तट पडत होते त्या दिवसांत कोणीतरी शब्द कुठल्या वाटेने आले ते लिहून ठेवत होतं.

आज

पत्त्यांचा डाव संपत आलाय. त्या चौघांचं ‘तुरुप का इक्का’, आणि तुमच्या घरी ‘हुकमाचा एक्का’. एक डच, एक अरबी. दोघंही डाव जिंकून देतात.

झाशीत राहिलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांना हा अनुभव रोजचा. गणेश मंदिर, जिथे १८४२ मध्ये लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथे एकमेकांशी मराठीत ‘हरकत नाही’ म्हणायचं, आणि बाहेर रस्त्यावर खोडसाळ पोराला ‘यह क्या हरकत है’ असं ऐकवायचं. अरबीत ‘हरकत’ म्हणजे नुसती हालचाल. हिंदीने तिचा चाळा केला, मराठीने आडकाठी. आपली ‘हौस’ लेकराच्या नव्या परकराइतकी निर्मळ. हिंदीतली ‘हवस’ लाज वाटावी अशी. दोन्ही कागदोपत्री सख्ख्या बहिणी. आपण नोकरीचा ‘राजीनामा’ देतो. कचेरीतल्या हिंदीत दोन पक्ष तडजोड करून ‘राज़ीनामा’ लिहितात, आणि फारसीच्या दृष्टीने तेच मुळाच्या अधिक जवळ आहे, कारण त्यात ‘राजी’ होणं आहे. तरी मराठी माणूस चुकत नाही. त्याच्या गावाने ठरवलेला अर्थ तो बोलतोय.

तुम्ही उभे आहात त्या जागेचंच घ्या. मोर्चे लागले तेव्हा याला दरवाजा म्हणत, फारसीत. आता सगळे गेट म्हणतात, इंग्रजीत. इंग्रजी ‘गेट’चा डच भाऊ आहे ‘गाट’, आणि त्याचा अर्थ भोक, भगदाड. एकाच जुन्या शब्दातून एका भाषेने राखलेली वाट काढली, दुसरीने उघडं पडलेलं छिद्र.

शब्दांच्या बाबतीत आपली खरी चिंता इथेच असावी: आपल्या भाषेला गेट आहे की नुसतं भगदाड? मराठी मरणार म्हणून जे व्याकूळ होतात त्यांची तळमळ खोटी नाही. पण धोका बाहेरचा शब्द आत येण्यात नाही. तो आला, तशा दारू, शाई, चावी आल्या. धोका असतो आलेल्या शब्दावर आपण काहीच काम न करण्यात. जो शब्द आपण जसाच्या तसा उचलतो, ज्याचा अर्थ दुसरीकडे कोणीतरी ठरवतं आणि आपण फक्त गिरवतो, तो कितीही वर्षं राहिला तरी पाहुणाच. बँकेच्या अर्जावर, कंपनीच्या करारावर, दवाखान्याच्या कागदावर असे शब्द पुष्कळ आहेत. त्यांच्याखाली आपण सही करतो, पण त्यांनी भांडत नाही, लाड करत नाही, शिव्याही देत नाही.

काम केलं तर काय होतं, त्याचा पुरावा रोज संध्याकाळी मैदानावर ऐकू येतो. झाशीच्या तटावर तोफ डागणारा गोलंदाज मराठीने क्रिकेटच्या मैदानावर आणला आणि त्याच्या हातात चेंडू दिला. मग समोर उभ्या असलेल्याला नाव हवं होतं. मराठीने फळीला तोच फारसी ‘अंदाज’ जोडला आणि फलंदाज घडवला. हा शब्द इराणात नाही, अरबस्तानात नाही, इंग्लंडात तर नाहीच. एक तुकडा बाहेरचा असेल, पण शब्द संपूर्ण आपला, आणि तो कोणत्याही राजाने किंवा समितीने हुकूम सोडून रुजवलेला नाही. बोलणाऱ्यांनी उचलला म्हणून टिकला.

तेव्हा दारं लावून घेऊ नका आणि तटाला भगदाडंही पाडू देऊ नका. नवा शब्द आला की त्याला कामाला लावा: त्याला प्रत्यय लावा, त्याची अक्षरं आपल्या जिभेने उलटीपालटी करा, त्याच्यावरून म्हण करा, त्याने भांडा, त्याने लाड करा. दोन पिढ्यांत तो कुठला होता हे फक्त कोशाला ठाऊक राहील, आणि त्याचा अर्थ काय ते तुमच्या नातवंडांकडून शिकावं लागेल.